शेजारच्या हॉलला ऐकू न जाणारी भूमिती

आमच्या घरात हळू कुणालाच बोलता येत नाही. सासरे फौजेत होते, पलटणीला आवाज देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. नवऱ्याचं निम्मं आयुष्य ट्रॅक्टरवर. इंजिनच्या वर आवाज काढल्याशिवाय आपण बोललो असं त्याला वाटतच नाही. माझं ठिबकच्या सामानाचं दुकान पलूसच्या मुख्य रस्त्यावर. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून दारातून जातात आणि त्या गोंगाटात समोरच्या गिऱ्हाइकाला पाईप किती मीटर पाहिजे ते विचारायचं असतं. माझं माहेर साताऱ्याचं. वडील कचेरीत, भाऊही कचेरीत, तिथं माणसं फायलीसारखी हळू बोलतात. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला गेले तेव्हा आई म्हणाली, "अगं, भांडतेस का माझ्याशी?" मी फक्त चहात साखर कमी आहे एवढंच सांगितलं होतं.

अशा घरात माझी मुलगी वाढली. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठ असतात. वॉकर धरून चालते. डोकं उत्तम आहे, जीभ त्याहून उत्तम. पेन धरता येतं, पण तिची एक ओळ लिहून होईपर्यंत बाकीच्या वर्गाचं पान भरतं, आणि ती ओळ वाचायला परत तिलाच बोलवावं लागतं. छातीचे स्नायूही हातांच्याच वळणाचे. श्वास थोडाथोडा सोडणं त्यांना जमत नाही. छाती भरली की सगळं वाक्य एका झटक्यात बाहेर येतं आणि गल्लीच्या टोकाला पोचतं.

पण सांगून काम करून घेण्यात ती लहानपणापासून पटाईत. आमच्या फाटकातून ट्रॉली मागं घेणं जिकिरीचं आहे. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला गोठ्याची भिंत. मागं उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. हे काम मुलीनं फार लवकर आपल्याकडं घेतलं, कारण ओट्यावरच्या तिच्या खुर्चीवरून दोन्ही चाकं दिसतात. "येऊ द्या. येऊ द्या. उजवं. अजून. बास! आता सरळ." गावात दोन ट्रॉल्या एका दमात मागं घेणारे दोनचारच ड्रायव्हर आहेत आणि त्यातला एक आपण, असं नवरा चारचौघांत सांगतो. ओट्यावरून कोण बोलत असतं ते सांगत नाही.

नववीच्या शेवटी मुख्याध्यापकांनी मला शाळेत बोलावलं. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना लेखनिक मिळतो, म्हणजे हिनं सांगायचं आणि दुसऱ्या मुलानं लिहायचं. लिहिणारा खालच्या वर्गातला हवा, म्हणजे स्वतःची अक्कल चालवणार नाही. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. सांगलीच्या सिव्हिलचा दाखला आमच्याकडं होताच. सर सगळं नीट समजावून सांगत होते. शेवटी म्हणाले, "भूमितीच्या आकृत्यांची काळजी नको. त्यातून सूट मागता येते. तसा अर्ज करून टाकू."

मुलगी शेजारीच बसली होती. "आकृती का नको, सर? भूमितीत तेवढीच तर मजा आहे."

"अगं, काढणार कशी?"

"मी कुठं काढणार? लिहिणारी काढेल. मी सांगेन."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सर, ही ट्रॉली लावते."

"ट्रॉली आणि वर्तुळ सारखंच का?"

"वर्तुळ सोपं आहे, सर," मुलगी म्हणाली. "ते खांबाला घासत नाही."

सूट मागितली नाही. त्या दिवसापासून भूमिती हा तिच्या अब्रूचा विषय झाला. बाकी विषयांत पास झाले तरी चालेल, पण आकृती माझी मीच काढून दाखवणार, असं तिनं घरात जाहीर केलं. जाहीर म्हणजे अर्थातच सगळ्या गल्लीत.

लेखनिक म्हणून शाळेनं एक मुलगी सुचवली. आमच्याकडं लेखनिक हा शब्द अर्जावरच राहिला. सगळे रायटरच म्हणायचे. ही रायटर वडूजच्या बाजूची. घरची मेंढरं, आता थोडी शेतीही. पलूसला मामाकडं राहून शिकत होती. अक्षर छापल्यासारखं. बोलणं मात्र जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी मी विचारलं, जेवून आलीस का. तिनं मान हलवली. घरी कोणकोण असतं, पुन्हा मान. मुलगी मला म्हणाली, "आई, ही बोलतच नाही. बरंय. दोघी बोलायला लागलो तर लिहिणार कोण?"

सरावाला जागा माझं दुकान. शाळेपासून जवळ, आणि संध्याकाळी मला दुकान सोडता येत नव्हतं. मागच्या बाजूला पाईपच्या भेंडोळ्यांच्या मध्ये दोघींना टेबल मांडून दिलं. पहिला निबंध 'माझे गाव' असा होता. मी वाचायला घेतला तर कृष्णेच्या पाण्यावर हिरवीगार झालेली शेती इथपर्यंत सगळं ठीक, आणि पुढची ओळ: आई, सोळा एमएमचे जॉइंटर संपले का बघ, गिऱ्हाईक कधीचं उभं आहे.

"हे का लिहिलंस गं?"

"ताई बोलल्या," रायटर म्हणाली. आमच्यासमोर तिनं उच्चारलेले हे पहिले शब्द.

"अगं, ते मला बोलली ती."

"मला कसं कळायचं, काकू? माझं डोकं खाली हुतं."

तिचं बरोबर होतं. मग दोघींनी ठरवलं की दुसरं काही बोलायचं असेल तर आधी "पेन खाली" म्हणायचं. हे एवढं चांगलं बसलं की मुलगी घरातही म्हणायला लागली. "पेन खाली, मला पाणी दे."

दिवाळीपासून परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी सराव चालला. बाहेर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर, त्यांची गाणी, हॉर्न, आणि आत मुलगी त्या सगळ्याच्या वर आवाज चढवून लोकसंख्यावाढीची कारणं सांगतेय. रायटर तेवढ्या गोंगाटात अक्षर न बिघडवता लिहायला शिकली. मला वाटलं, वा, असल्या गोंधळात जमतंय म्हणजे परीक्षेच्या शांततेत काहीच अडचण नाही. ज्या शांततेत पेपर द्यायचा त्या शांततेत कधीतरी सराव करून बघावा, हे माझ्या, नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पोर ओरडत होती हे आम्हाला कळलंच नव्हतं. आम्हाला ते बोलणं वाटत होतं.

पहिला पेपर मराठीचा. केंद्र गावातच होतं. मुलीला तळमजल्यावरची शेवटची खोली दिलेली. आत ती, रायटर आणि एक पर्यवेक्षिका. पलीकडं मोठा हॉल, आणि मध्ये लाकडी फळ्यांची सरकती भिंत; गॅदरिंगच्या वेळी दोन्ही खोल्या एक करता याव्यात म्हणून केलेली. वॉकरला मदत लागते म्हणून मला व्हरांड्याच्या टोकाला बसायची परवानगी होती. तिथं बसून मला लेकीचा निबंध अगदी स्वच्छ ऐकू येत होता. मी कौतुकानं ऐकत होते. छान चालला होता.

घंटा झाली, हॉलमधली पोरं बाहेर पडली. मुलीचा जादा तास अजून चालूच होता. एक उंच पोरगा माझ्यासमोर थांबून म्हणाला, "काकू, ताईनं निबंध लय भारी सांगितला बरं का."

मी म्हटलं, "हो का? थँक्यू." वळणाचा मुलगा दिसतोय, असं मनात आलं. तो गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

सगळं आटोपल्यावर केंद्रसंचालकांनी आम्हाला बोलावलं. डोळ्यांवर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा, असे गृहस्थ. कडक, पण खवचट नव्हेत. म्हणाले, "ताई, पेपर कसा गेला ते मला सांगू नका. मला पाठ झालाय."

मुलगी म्हणाली, "सॉरी, सर." तेही हॉलपर्यंत गेलं असणार.

"पलीकडच्या मॅडम दोनदा माझ्याकडं आल्या. एका पोरानं त्यांना हात वर करून काय सांगितलं माहितीय? जरा सावकाश सांगा म्हणावं, निबंध निम्मा राहिला."

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी नाकावरचा चष्मा काढून तो उगाच पुसला. मग गंभीर झाले. "आजचं मी आजपुरतं सोडतो. पण पुन्हा झालं तर मला वर कळवावं लागेल. हॉलची चौकशी होईल, त्यात हिचाही पेपर अडकेल. हिची चूक नसताना. वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे, पण जिना आहे."

नवरा दारातच उभा होता. "उचलून नेतो की. किती वजन असणार?"

"पप्पा, मला पोत्यासारखं वर न्यायचं नाही," मुलगी म्हणाली. "आणि बाथरूम खाली आहे. मध्येच जायचं झालं तर? तुम्ही जिन्यात उभे राहणार का?"

केंद्रसंचालकांनी विचारलं, "मग?"

"हळू बोलेन."

पुढच्या पेपरला ती खरंच हळू बोलली. व्हरांड्यात मला काही ऐकू आलं नाही. पण बाहेर आली ती तोंड पाडून. आवाज दाबायचा म्हणजे तिला आख्खं शरीर आवळून धरावं लागत होतं. एक वाक्य झालं की थांबायचं, श्वास जागेवर आणायचा, मग पुढचं. जादा तास धरूनही शेवटचे दोन प्रश्न राहिले. मी विचारलं तेव्हा रायटर म्हणाली, "काकू, माझं पेन निम्मा वेळ नुसतंच हुतं."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. "आता अर्ज केला तर होईल का माहीत नाही, पण आकृत्यांच्या सुटीसाठी प्रयत्न करून बघू का? भूमितीला वेळ तरी पुरेल."

मी फोन मुलीकडं दिला. ती म्हणाली, "नको, सर," आणि फोन परत दिला. एवढंच. मोठ्यानंही नाही. मला ते आवडलं नाही. माझ्या पोरीनं दोन शब्दांत बोलणं संपवणं हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "हे बघ, रडायचं असेल तर आत्ता रडून घे. मी चहा टाकते. चहा झाला की अंगणात ये."

"मी रडत नाहीये."

"मग चहा घे आणि ये."

भूमितीला अजून थोडे दिवस होते. घरातली सगळी माणसं मी कामाला लावली. प्रश्न असा होता की हळू म्हणजे किती हळू हेच आम्हाला कळत नव्हतं. आमच्यापैकी कुणाचाच कान त्यासाठी कामाचा नाही. म्हणून मी सासऱ्यांना गोठ्यात बसवलं. अंगण आणि गोठा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे, शाळेच्या फळ्यांच्या भिंतीसारखीच. आबांचा कान या वयातही तिखट आहे. शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ते सांगतात. मी म्हटलं, "आबा, तुम्ही आत बसायचं. काही ऐकू आलं की तेच ओरडून परत सांगायचं."

"सेंट्री ड्यूटी," आबा म्हणाले. "समजलं. जा तुमी."

मग अंगणात आकृती. कागदावर नको म्हटलं. सगळ्यांना दिसू दे. म्हशीचं दावं घेतलं, खुंट्या घेतल्या आणि कबड्डीचं मैदान आखायला आणतात ती पांढरी फक्की आणली. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या होत्या. खुंटी जमिनीत जाईना म्हणून नवऱ्यालाच वर्तुळाचं केंद्र केलं. त्यानं दाव्याचं एक टोक पायाशी धरून बसायचं, दुसरं टोक रायटरच्या हातात, आणि फक्कीचा मग. मुलगी ओट्यावर खुर्चीत.

"पप्पा, हलू नका."

"खाज आली तर?"

"केंद्राला खाज येत नाही."

तिनं सुरुवात केली. दबक्या आवाजात, पण परीक्षेसारखी, पूर्ण वाक्यात: "आता रेषाखंड ओपीचा लंबदुभाजक काढण्यासाठी कंपासमध्ये निम्म्यापेक्षा जास्त अंतर घे."

गोठ्यातून गर्जना आली: "ओपीचा लंबदुभाजक काढन्यासाटी कंपासमदी निम्म्यापरीस जास्त अंतर घे!"

म्हैस उठून उभी राहिली. रस्त्यावरून जाणारा शेजारी फाटकातून डोकावला. "आबा, कुनाचं काय काढायलाय?"

"तू फुडं हो रं! ड्यूटीवर हाय मी!"

पुन्हा सुरुवात. पुन्हा गर्जना. मुलीनं आणखी आवाज दाबला की वाक्य मध्येच तुटायचं, आणि श्वास भरून जोडायला गेली की आबांना ऐकू जायचं. त्या एका संध्याकाळीत आबांना स्पर्शिकेची निम्मी भूमिती पाठ झाली. जेवताना ते नवऱ्याला सांगत होते की स्पर्शिका त्रिज्येला कायम लंब असते, त्यात दुसरा काही विचार चालत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मुलगी वैतागली. रायटर फक्कीचा मग घेऊन दाव्याच्या टोकाला उभी होती, जरा भलतीकडंच. मुलीला पूर्ण वाक्य बोलायचा कंटाळा आला असावा. तिच्या तोंडून आपोआप ट्रॉलीचं बोलणं निघालं.

"उजवं."

रायटर उजवीकडं सरकली.

"अजून. अजून. बास. फिर."

रायटर फिरायला लागली. फक्की पडायला लागली. "येऊ दे. येऊ दे. दावं ताण. बास. पप्पा, उठा. तिकडं बसा. ती खूण, तिथं. हां. परत फिर."

सगळं वर्तुळ झालं, त्यावर दुसरं वर्तुळ झालं, दोन्हींनी एकमेकांना जिथं छेदलं तिथं रायटरनं फक्कीचे ठिपके टाकले. बाहेरच्या बिंदूपासून ठिपक्यापर्यंत सरळ रेघ मारली. मग आमच्या लक्षात आलं की गोठ्यातून आवाजच आलेला नाही. मला वाटलं म्हातारबुवा झोपले. आत जाऊन बघितलं तर कान पत्र्याला लावून, डोळे वटारून बसलेले.

"काय चाललंय काय तुमचं?" मला म्हणाले. "बोलनं बंद का केलं? मला कायबी ऐकू येत न्हाई!"

मी बाहेर आले. मुलीला कळलं होतंच. ती खुर्चीतच हसत सुटली होती. लांब वाक्याला ती छाती भरून घेत होती आणि भरलेली छाती एकदम सुटत होती. दोन शब्दांना छाती भरावी लागत नाही. ओठापुरता श्वास पुरतो. शिवाय शब्द पडला की रायटरचं पेन चालू, पेन उचललं की पुढचा शब्द. मध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही. ठिबकचं दुकान चालवणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं, कारण शेतकऱ्याला मी रोज तेच सांगते: दाब कमी ठेवा, थेंब थांबू देऊ नका.

"आता सगळं असंच," मी म्हटलं. "नुसत्या आकृत्या नाही. सिद्धतासुद्धा."

"सिद्धता कशी सांगू? येऊ दे, येऊ दे, बास?"

"बघ बरं."

आणि ते जमलं. वाक्य आधी मनात पूर्ण करायचं, मग दोन-दोन, तीन-तीन शब्दांचे तुकडे सोडायचे. "त्रिकोण एबीसी. मध्ये. कोन बी. नव्वद अंश. म्हणून." रायटर ते पूर्ण वाक्यासारखं सलग लिहून घ्यायची, एक शब्द इकडचा तिकडं न करता. आबा रोज गोठ्यात बसत. एखादा शब्द पकडलाच तर विजयी आवाजात ओरडत. शेवटच्या संध्याकाळी काहीच हाती लागलं नाही, तेव्हा बाहेर येऊन म्हणाले, "आता हितं माझी गरज न्हाई," आणि रुसून पारावर गेले.

अंगणात फक्कीची वर्तुळं एवढी झाली होती की दूधवाला पाय कुठं ठेवू म्हणून फाटकातच उभा राहायचा.

भूमितीच्या दिवशी मी दुकान दिवसभर बंद ठेवलं. असं मी एरवी करत नाही. व्हरांड्यात बसले. पेपर सुरू झाला आणि काहीच ऐकू येईना. पंखे ऐकू येत होते, हॉलमध्ये कुणाच्या तरी हातून पट्टी पडली ती ऐकू आली, बाहेर भेळवाला गाडी लावत होता ते ऐकू आलं. मुलगी नाही. हे चांगलं की वाईट? मराठीच्या वेळी निदान कळत होतं पोर कुठवर आली आहे. आता ती सांगतेय की अडली आहे, की मागच्यासारखी आवळून बसली आहे, काहीच कळायला मार्ग नाही. मी पर्समधली सगळी बिलं काढून तारखेनं लावली. मग उलट्या क्रमानं लावली.

केंद्रसंचालक फेऱ्या मारत होते. हॉलमध्ये गेले, फळ्यांच्या भिंतीपाशी जरा थांबले, बाहेर आले. माझ्याकडं बघितलं. पुन्हा आत गेले, पुन्हा भिंतीपाशी. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चालू आहे ना?"

"मला काय माहीत, सर? मी बाहेर आहे."

"फारच शांत आहे हो." त्यांना आता शांततेचीच काळजी लागली होती. मुलीच्या खोलीचं दार हळूच ढकलून ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी बिलं हातात धरून बसले. बाहेर आले तेव्हा माझ्या शेजारी बाकावर टेकले आणि म्हणाले, "कंपास फिरतोय."

"आणि ती?"

"ती 'येऊ दे' म्हणते आणि कंपास येतो." मग म्हणाले, "एवढी वर्षं भूमिती शिकवली मी. असं कधी पाहिलं नाही. आमच्या मॅडम पर्यवेक्षण सोडून तिथंच बघत उभ्या आहेत."

घंटा झाली. हॉलमधली पोरं बाहेर आली. मुलीची जादा मिनिटं आत चालू होती. तोच उंच पोरगा माझ्याकडं आला, सोबत आणखी तीनचार.

"काकू, ताई आज आली न्हाई व्हय?"

"आलीय की. आत आहे."

"मग आवाज कुठं गेला? आमी लय वाट बघितली. स्पर्शिकेला तर पार कान लावून बसलो."

केंद्रसंचालक उठले. "अरे लाज वाटत नाही? घरी जा."

"जातो की, सर," पोरगा म्हणाला, आणि सगळे चिंचेखाली जाऊन बसले. स्पर्शिका कशी काढायची होती हे कळल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं.

जादा वेळ संपायच्या आधीच दार उघडलं. आधी वॉकर आला, मग मुलगी, मागून रायटर. मुलीचा सगळा चेहरा घामानं भिजला होता. मी काही विचारायच्या आत रायटर बोलली. हिच्या तोंडून आपणहून काही यायची ही पहिलीच वेळ.

"काकू, टेकली," ती म्हणाली. "दोन्ही. नुसत्या टेकल्या, कापल्या न्हाईत. ताई म्हनल्या थांब, म्या थांबले. म्हनल्या आता, म्या वडली."

"आणि बाकीचे प्रश्न?"

"समदं झालं. परत वाचूनबी झालं."

मुलगी केंद्रसंचालकांकडं बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, पण आतून उकळी फुटत होती. त्यांनी घड्याळ बघितलं, पर्यवेक्षिकेकडून उत्तरपत्रिका घेतली, ती पाकिटात नीट सरकवली आणि म्हणाले, "हां. आता बोल."

"झालं!" मुलगी ओरडली. चिंचेवरचे कावळे उडाले. वरच्या मजल्यावरून शिपाई खाली डोकावला.

मी बाहेर लावलेली आमची गाडी सुरू केली आणि तिच्यासाठी दार उघडलं. पण ती गाडीकडं येईना. वॉकर चिंचेकडं वळला. पोरं उठून उभी राहिली. उंच पोरानं कुठून तरी काटकी आणली होती. "ताई, सांग की गं. माजं चुकलंय का बघ."

"काढ," मुलगी म्हणाली. "आधी वर्तुळ. मोठं काढ, कंजुषी करू नको. आता बाहेर बिंदू. एवढ्या जवळ नको रं! अजून. अजून. बास."

पोरगा मातीत उकिडवा बसून काढत होता, बाकीचे डोकी घालून बघत होते. केंद्रसंचालक पाकिटं हाताशी धरून व्हरांड्यातूनच मान लांब करून बघत होते. रायटर माझ्याशेजारी गाडीला टेकून उभी होती आणि पोराची काटकी चुकीच्या बाजूला वळली की तिचा हात आपोआप उजवीकडं सरकत होता.

"आता रेघ मार," मुलगी म्हणाली. पोरानं मारली. रेघ वर्तुळात एका बाजूनं शिरली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली.

"अरे, ही स्पर्शिका आहे का? हा तासगावला जायचा रस्ता झाला! पूस. परत काढ."

मी गाडीचं इंजिन बंद केलं. एवढ्यात कुणी निघत नव्हतं.